गोठ्यातली शाई

ज्याच्यामुळं मी आज इथं बसून हे लिहू शकते, त्याला आमच्या गावात सगळे ‘बाई’ म्हणत. तो पुरुष होता. दंडारीत, म्हणजे आमच्याकडच्या नाचगाण्याच्या खेळात, बाईची कामं करायचा, लुगडं नेसून नाचायचा, म्हणून बाई. मूळचा एकोडीकडचा, पण आमच्या गावच्या दंडारीत आला आणि इथंच राहिला. मी त्याला भाऊ म्हणत होते. एवढं आधी लिहून ठेवते. पुढं माझ्या बापाबद्दल लिहिताना माझा राग आवरेल की नाही सांगता येत नाही, आणि त्या रागात ज्याचे उपकार आहेत तो माणूस मागं राहायला नको.

माझं शिक्षण पाचवीपर्यंत. काना-मात्रा चुकतो. इथं मिरजेत एक मास्तरीणबाई शेजारी राहतात, त्या तपासून देते म्हणाल्या आहेत.

आमचं गाव भंडारा जिल्ह्यात, पवनीपासून कोसभर, वैनगंगेच्या काठाला. घरी धानाच्या चार बांध्या, म्हणजे खाचरं, होत्या, पण बापाचं लक्ष त्यांत कधी नव्हतं. बाप वाजवणारा. त्याला पंचक्रोशीत बुवा म्हणत. ढोलकी त्याच्यासारखी दुसऱ्या कोणी वाजवलेली मी अजून ऐकली नाही, आणि इथं येऊन मी भले भले ऐकले. हे खरं आहे, ते लपवणार नाही. शिवणीच्या झाडाचं खोड कोरून ढोलकीचं पोकळ अंग तो स्वतः काढायचा. जुन्या लोकांच्या तोंडून दंडारीची गाणी ऐकून वह्यांत उतरवायचा, कोणतं गाणं कुठल्या गावात कसं वेगळं म्हणतात ते समासात लिहायचा. अशा वीसेक वह्या होत्या. नागपूरचे शिकलेले लोक त्या बघायला यायचे आणि जमिनीवर मांडी घालून बसायचे. मला त्याचा फार अभिमान होता. तो अभिमानच पुढं घशात अडकला.

आमच्याकडं आधी ढोलकीला कायमची शाई नसायची. शाई म्हणजे ढोलकीच्या बारीक तोंडावरचा तो काळा गोल ठिपका. त्याच्यामुळंच ‘ताक्’ म्हटल्यावर ‘ताक्’ ऐकू येतं, नाहीतर नुसतं चामडं बडवल्यासारखं. आमच्याकडचे लोक वाजवण्याआधी कणकीचा गोळा चिकटवायचे आणि नंतर खरवडून कुत्र्याला घालायचे. शाईवाली ढोलकी नागपूरहून आणावी लागे.

मी पाचवीत होते तेव्हा, आणीबाणी लागली त्या वर्षी, नागपूरच्या एका ढोलकीचं तोंड फाटलं. बापानं ते फेकलं. मी उचललं आणि खेळता खेळता ती शाई नखानं सुटी केली. आत पापुद्र्यावर पापुद्रे होते. एक थर नाही, वीस-पंचवीस थर, कांद्यासारखे. मला वाटलं, हे करता येईल. लोहाराच्या भट्टीखालचं लोखंडी कीट आणलं, कुटलं, मायच्या जुन्या लुगड्यातून गाळलं. कणकेत कालवलं, सुटून आलं. नव्या तांदळाच्या भातात कालवलं, चिकट झालं, आवाज बसका. शेवटी जुन्या जाड्या तांदळाचा भात तीन दिवस मडक्यात आंबवून त्याची खळ घेतली, तेव्हा जमलं. आणखी एक गोष्ट माझी मला कळली. प्रत्येक थर सुकत असताना नदीतल्या गुळगुळीत गोट्यानं घोटायचा, आणि घोटता घोटता शाईला बारीक भेगा पडू द्यायच्या. डोळ्यांना दिसणार नाहीत इतक्या बारीक. भेगा पडल्या तरच शाई चामड्याबरोबर हलते. नाहीतर दगडासारखी वर बसून राहते आणि एक दिवस निखळते.

अकरा वर्षांच्या पोरीनं हे केलं होतं. बापानं ढोलकी गळ्यात घेतली, दोन थापा मारल्या, माझ्याकडं पाहिलं. मला वाटलं आता डोक्यावर हात ठेवेल. त्यानं मायला सांगितलं, “उद्यापासून हिले शाळेत धाडू नको.”

झालं माझं शिक्षण. दुसऱ्या दिवसापासून मी शाईलाच बसले.

पण शाळा सुटली एवढ्यावर भागलं असतं तर मी एवढी चिडले नसते. आमच्याकडं सगळ्याच पोरींची सुटत होती, धान रोवण्याच्या दिवसांत तर वर्ग अर्धा रिकामा असायचा. चीड दुसऱ्या गोष्टीची आहे. आमच्याकडं ढोलकीला बाईचा हात लावू देत नाहीत. वाद्य मुकं होतं म्हणतात. दिवाळीनंतर गावोगावच्या मंडईच्या जत्रा सुरू होतात, तेव्हा दंडार उभी राहण्याआधी ढोलकीला हळदकुंकू वाहतात, नारळ फोडतात. बायकांनी लांबून हात जोडायचे. मीही जोडायची. मी केलेल्या ढोलकीला मी लांबून हात जोडायची.

म्हणून माझं काम लपून चालायचं. घरात बापाकडं माणसांची ये-जा सतत. पहिली दोन वर्षं मी कोठीचं दार लावून काम केलं. मग मला पाळी आली, आणि आमच्या रिवाजाप्रमाणं ते चार दिवस मी मागच्या गोठ्यात बसायला लागले. बाहेर बसलेल्या बाईकडं कोणी फिरकत नाही. तिची सावलीही चुकवतात. बापानं हे हेरलं. पहिल्याच महिन्यात तो गोठ्याच्या दाराशी आला, तीन ढोलक्या आत सरकवल्या आणि म्हणाला, “आता कोणी येत नाई इकडं. निवांत होईन तुह्यं काम.”

ज्या दिवसांत मी पाण्याच्या घागरीला शिवायचं नाही, त्याच दिवसांत मी देवापुढं वाजणाऱ्या ढोलक्यांना शाई लावत होते. पाच वर्षं. दर महिन्याला तीन, कधी चार. पंचक्रोशीतल्या दंडारी, भजनी मंडळं, सगळ्यांच्या. गावात बोलत, बुवा महिन्यातून चार दिवस कोणाला भेटत नाहीत, कोठीचं दार लावून मंत्र म्हणतात, त्या मंत्राचा गुण शाईत उतरतो. बाप ते ऐकून नुसता हसायचा. नाही म्हणायचा नाही.

माय सगळं बघायची. मी एकदा तिला विचारलं, तू बोलत काहून नाहीस. ती म्हणाली, बोलली तर तुह्या हातचं काम जाईन, अन् तुले तेवढंच तं आवडते. ती खोटं बोलली नव्हती. त्याचाही मला राग येतो.

भाऊला कळलं ते एका लुगड्यापायी. त्याचं नवं लुगडं नाचताना सुटत होतं. मंडळी हसत होती. बायकांना विचारायला गेला तर बायका पदर तोंडाला लावून पळत. मी गोठ्यात बसले होते, आणि तो मागच्या कुडावरून वाकून म्हणाला, पोरी, तू बी बाहेर बसली, मी बी बाहेरचाच, मले कासोटा शिकव. मी हातातली ढोलकी कडब्याखाली सरकवायला गेले, पण हात कोपरापर्यंत काळे. त्यानं पाहिलं. नाक वर करून हुंगलं. मग म्हणाला, हां, म्हणून त्या मंत्राले आंबलेल्या भाताचा वास येते.

त्यानंतर तो दर महिन्याला कुडाजवळ यायचा. कासोटा शिकला, मला पोह्याचा चिवडा आणून द्यायचा, आणि ढोलकी तयार झाली की कुडावरून हात घालून एक थाप मारून सांगायचा, हिचा गळा बसला, हिले अजून घोट. त्याचा कान पक्का होता. त्यानं कोणाला सांगितलं नाही. दंडारीतली माणसं त्याची टवाळी करत, केसांना हात लावत. तो लांब केस ठेवायचा, अंबाडा घालता यावा म्हणून. ते केस त्याला फार प्रिय होते. रिठ्यानं धुवायचा.

मी अठरा वर्षांची झाले त्या साली, मंडईच्या दिवसांत, नागपूरहून एक साहेब आले. लोकवाद्यांवर लिहिणारे. खांद्याला टेपरेकॉर्डर. त्यांनी दोन दिवस बापाचं वाजवणं टेप केलं, वह्या पाहिल्या. बापानं त्यांना शाईबद्दल सांगितलं ते मी मायबरोबर चुलीपाशी बसून ऐकत होते. तीन दिवस उपास करावा लागते. सोवळं नेसावं लागते. बाईची सावली पडली का शाई फुटते. साहेब सगळं लिहून घेत होते. मी चुलीवरचा भात ढवळत होते. माझ्या मनात आलं, हे सगळं छापलं जाईल. मग मी खरं सांगितलं तरी कोणाला पटेल?

साहेब म्हणाले, उद्या तुम्ही शाई लावताना मला पाहायचं आहे. दहा माणसं बसली होती. बापाला नाही म्हणता आलं नाही.

संध्याकाळी तो माझ्याकडं आला. पहिल्यांदाच काही विचारायला. थर कसे घ्यायचे विचारलं. मी सांगितलं, थर कागदासारखा पातळ, आधीचा अर्धा सुकला की दुसरा. आंबवलेला भात गोठ्यातल्या मडक्यात तयार आहे म्हटलं. तर म्हणाला, साहेबापुढं आंबलेला भात ठेवू? वास येते त्याले. ताजा शिजव. मी म्हटलं, बाबा, ताज्या भाताची शाई धरत नाही. आणि भेगांचं सांगायला लागले तर हसला. भेगा पडल्या तं शाई गेली ना पोट्टे, एवढं बी समजत नाई तुले. पुढं मला बोलूच दिलं नाही. वीस वह्या लिहिणारा माणूस. कुठल्या म्हाताऱ्याचा एक शब्द वेगळा असला तर चार कोस चालत जाऊन पुन्हा विचारून यायचा. घरातल्या पोरीचं ऐकायला त्याला अंगण ओलांडावं लागलं नसतं.

सकाळी अंगणात माणसं जमली. दंडारीची सगळी मंडळी, दोन म्हातारे, पोरंटोरं. भाऊ कुंपणाच्या ओट्यावर बसला होता. आम्ही बायका दाराआड. बाप सोवळं नेसून आला, नमस्कार केला, आणि ताज्या पांढऱ्याशुभ्र भाताची खळ करून एकाच जाड थरात शाई थापली. साहेब फोटो काढत होते. उन्हात सुकवली. सुकताना बाप गोट्यानं घोटत होता, पण एवढ्या जपून, की भेग पडू नये. वरून दिसायला फार सुंदर झाली. आरशासारखी.

दुपारी त्यानं ढोलकी गळ्यात घेतली. पहिली थाप बरी. दुसरी बरी. तिसऱ्या थापेला शाईचा अर्धा तुकडा सुटला आणि साहेबांच्या टेपरेकॉर्डरवर जाऊन पडला.

कोणी हसलं नाही. बापानं दाराकडं पाहिलं.

“पोट्टीनं भात बिघडवला,” तो म्हणाला.

हे वाक्य लिहिताना आजही माझे दात आवळतात. सात वर्षं माझा हात नाकारला, आणि हात सांगायची वेळ आली ती दोष द्यायला. म्हाताऱ्यांपैकी एक माना हलवून म्हणाला, बायकांच्या हाती देऊ नये असं काम. मी दाराची चौकट धरून उभी होते. माय मागून माझा पदर ओढत होती, आत चाल म्हणून.

भाऊ ओट्यावरून उतरला. नाचताना जसा चालायचा तसा नाही, साधा चालत आला.

“बुवा, भात पोरीनं नाई बिघडवला,” तो म्हणाला. “तिचा भात तं तुम्ही आणूच देल्ला नाई. या गावात जेवढ्या ढोलक्या वाजून राहिल्या, त्या तिच्या हातच्या आहेत. मी डोळ्यानं पाहिल्या, गोठ्यात.”

बाप म्हणाला, नाच्याच्या तोंडाचा काय भरवसा. मंडळींत हसू फुटलं, सुटल्यासारखं. एकानं विचारलं, बाई, तू कायले गेली होती गोठ्यात, तू बी बाहेर बसली होती का? पुन्हा हसले. पण तो म्हातारा हसला नाही. त्याला सुगावा लागला होता. तो भाऊला म्हणाला, “गोठ्यात? गोठ्यात कोणत्या दिवसात?”

भाऊनं माझ्याकडं पाहिलं आणि तोंड मिटलं. ते तो बोलणार नव्हता. ते माझं होतं.

मी चौकट सोडली. “बाहेर बसलेली असतानी,” मी म्हटलं. “पाच वर्सं. तुमच्या देवापुढं वाजते ना, ते बी त्याच दिवसातली.”

माझा आवाज फुटला होता, भीतीनं. धीट वगैरे मी नव्हते, आजही नाही. पण ते बोलले.

म्हातारे उठून गेले. त्यांच्यामागं एकेक करत मंडळी उठली, धोतर झटकत, जणू आमच्या अंगणाची धूळच बाटली होती. बाप आत गेला आणि त्यानं दार लावून घेतलं. साहेब बसून राहिले. थोड्या वेळानं मला म्हणाले, तुम्ही लावून दाखवाल का? मला आयुष्यात पहिल्यांदा कोणी ‘तुम्ही’ म्हटलं. मी गोठ्यातून मडकं आणलं. वास सुटला, साहेबांनी नाकाला रुमाल लावला, मग काढला. दिवेलागणीपर्यंत मी थरावर थर देत, घोटत बसले. भर अंगणात, उघड्यावर. शाई झाली तेव्हा वाजवायला कोणी उरलं नव्हतं. भाऊनं ढोलकी गळ्यात घेतली. त्याला वाजवता फारसं येत नव्हतं. पण थाप पडली तशी भिंतीआडून बापाचा खोकला थांबला. त्यानं ऐकलं. नक्की ऐकलं.

दुसऱ्या दिवशी दंडारीतल्या चौघांनी भाऊला तळ्याच्या बांधावर धरला आणि न्हाव्याकडून त्याचं डोकं भादरवलं. केसांशिवाय नाच्या कशाचा? दंडार सुटली त्याची. मी ऐकून धावत गेले, तर तो तळ्यात डोकं बुडवून बसला होता. मी रडत होते. तो म्हणाला, हलकं वाटते वं, उन्हाळ्यात बरं पडंन. मी त्याच्यासमोर उभी राहून म्हटलं, माझ्यापायी झालं. तर चिडला. माझ्यावर तो तेवढा एकदाच चिडला. म्हणाला, तुह्यापायी काहून, मले बी कान आहेत, खोटं ऐकून ऐकून दुखत होते.

गावोगावच्या ढोलक्या मग शुद्ध करायला काढल्या. कशानं, तर गोमूत्र शिंपडून. शाईला पाणी चालत नाही हे त्यांना कोणी सांगायचं? सगळ्या शाया फुगून निघाल्या. पुन्हा कणकीचे गोळे आले. मला हसू यायला पाहिजे होतं. आलं नाही. पाच वर्षांचं काम होतं ते, आणि सगळं गाईच्या मुतात वाहून गेलं.

बाप माझ्याशी बोलला नाही. ठरत आलेली सोयरीक मोडली. तीन महिन्यांनी साहेबांचं पत्र आलं, मिरजेत एका तबल्याच्या दुकानात शाईला माणूस पाहिजे, बाई असली तरी चालेल असं मालक म्हणतात. माय म्हणाली, जाय. पण पोहोचवणार कोण? बाप उठेना. नागपूरपर्यंत भाऊ आला. एसटीत मला उलट्या होत होत्या, तो पिशवी धरून बसला होता, टोपीखाली केस जेमतेम बोटभर वाढलेले. नागपूरच्या स्टेशनावर त्यानं आपलं नाचायचं लुगडं माझ्या पिशवीत कोंबलं, आता मले काय कामाचं म्हणून. गाडी सुटेपर्यंत खिडकीशी उभा होता. डब्यातल्या एका बाईला सांगत होता, माही बहीण आहे, लक्ष ठेवा, पहिल्यांदा चालली.

मिरजेत मला पहिले काही महिने कोणाचं बोलणं कळेना, आणि माझ्या ‘मले’ला पोरं हसायची. रात्री भीती वाटायची, आजही वाटते, की उद्या मालक म्हणेल जा परत. पण माझ्या शाईला इथं माझी शाई म्हणतात. गिऱ्हाईक येऊन विचारतं, भंडाऱ्याच्या बाईंनी केलेली आहे का.

साहेबांचा लेख नंतर छापून आला. त्यांनी मला एक प्रत पाठवली. त्यांचे माझ्यावर उपकार आहेत, ते मी नाकारत नाही. पण त्यात शाईवर दोन पानं आहेत, आंबवलेला भात आहे, थर आहेत, भेगा आहेत, आणि शेवटी एक ओळ: ‘या कामी घरातील स्त्रियांचे साहाय्य होते.’ साहाय्य. वर बापाचा फोटो, ढोलकी गळ्यात, सोवळं नेसलेला. त्यानंतर त्याला नागपुरात शाल मिळाली. माय पत्रात लिहवून घेते की तो अजून येणाऱ्या-जाणाऱ्याला उपासाचं सांगतो. मला वाटायचं, एवढ्या अंतरावर राग विझेल. विझत नाही. कधी कधी घोटताना त्याच्या रागानं हात जोरात पडतो आणि शाई बिघडते, मग पुन्हा पहिल्या थरापासून.

भाऊनं लग्न केलं नाही. त्याला कोणी नाही. मायच्या पत्रातून कळलं की तो आता गोसीखुर्दला धरणाच्या कामावर माती वाहतो, आणि पाठ धरते त्याची. मी त्याला लिहिलं, काय पाठवू. कोणाकडून तरी वाचून घेतलं असेल त्यानं. उत्तर आलं, मले काही नको, तू बरी रहाय.

भाऊ, हे कोणी तुला वाचून दाखवेल तर ऐक. इथं माझी एकच खोली आहे, भाड्याची, आणि तीही उद्या राहील की नाही या काळजीत मी झोपते. पण ज्या दिवशी तुझ्याच्यानं पाटी उचलवणार नाही, त्या दिवशी तू कोणाच्या ओसरीला बसायचं नाहीस. मी स्वतः येईन घ्यायला. डब्यात शेजारच्या माणसाला सांगेन, माझा भाऊ आहे. आणि म्हातारपणी तुझं खाणंपिणं, दवाखाना, सगळं माझ्याकडं. आत्ता माझ्याच्यानं होत नाही. पण होईल, आणि झालं की मी येते.